टेबलावरचं युद्ध आणि सुपरमॅन

गरियाहाटच्या उड्डाणपुलाखाली संध्याकाळी बुद्धिबळाचे पट मांडलेले असतात. डोक्यावर ट्रॅफिक, बाजूला साड्यांची दुकानं, फुचकेवाल्यांचा आरडाओरडा, आणि या सगळ्याच्या मधोमध हनुवटीला हात लावून बसलेली माणसं. कोलकात्याला पोस्टिंग आल्यापासून महिन्यातून एकदा तरी मी तिथे जातो. बहुतेक वेळा हरून परत येतो.

यंदा दिवाळीला पुण्याहून भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला घेऊन गेलो. पाच मिनिटं त्याने शांतपणे पटाकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, खेळ भारी आहे. पण यांचे सैनिक सगळे सारखेच. रंग कोणीच दिला नाही."

त्याचं स्वतःचं सैन्य एका टिफिनच्या डब्यात कापसात गुंडाळून त्याने सोबत आणलं होतं. अंगठ्याएवढ्या उंचीचे प्लास्टिकचे शिपाई, प्रत्येकाच्या चिलखताला दोन-तीन छटा, डोळ्यांच्या जागी लाल ठिपका. 'वॉरहॅमर' नावाचा खेळ आहे तो. टेबलावर डोंगर, भिंती, पडकी घरं मांडायची, दोन्ही बाजूंनी आपापली फौज लावायची. टेपने मोजून हलायचं, फासे टाकून गोळी लागली की नाही ते ठरवायचं, भिंतीआड असलात तर वाचण्याची शक्यता जास्त. एक डाव तीन-तीन तास चालतो. ताईने मला आधीच फोन करून ठेवला होता: "तू तरी त्याला समजाव. एवढा घोडा झाला आणि बाहुल्या रंगवत बसतो."

मेसमध्ये मी हा किस्सा सांगितला तेव्हा सगळे हसले. "टॉय सोल्जर्स?" हसणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्याच दिवशी सकाळी एका सँड मॉडेलभोवती हातात काठी घेऊन उभे होते. रंगीत भुशाचं जंगल, निळ्या लोकरीची नदी, पांढऱ्या फितीचा रस्ता, लाल-निळ्या झेंड्या. जुन्या मंडळींना वेगळं सांगायला नको. पलटणीत ज्याचा हात चांगला तो जवान दोन-दोन रात्री जागून मॉडेल बनवतो, आणि साहेब येण्याआधी झाडांवर शेवटचा हिरवा भुसा भुरभुरवतो. तेव्हा कोणी त्याला बाहुल्या म्हणत नाही.

भाच्याला मी विचारलं, हे खूळ शिरलं कुठून? तो म्हणाला, हेन्री कॅव्हिल.

हा म्हणजे 'मॅन ऑफ स्टील'मधला सुपरमॅन. २०१३ चा चित्रपट. सहा फुटांच्या वरचा, पहिलवानासारखा गडी, आणि घरी बसून हेच शिपाई रंगवतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याने आपल्या रंगकामाचे फोटो टाकले. त्यानंतर मुलाखतींमध्ये लोक चेष्टा करायला लागले तर हा जराही न ओशाळता खेळातल्या फौजांची माहिती द्यायला लागायचा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ॲमेझॉनशी मिळून या खेळाच्या जगावर मालिका-चित्रपट करायचं जाहीर झालं, आणि त्यात तो नुसता नट नाही, निर्माताही आहे. हा खेळ बनवणारी गेम्स वर्कशॉप ही कंपनी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. १९७५ साली तीन मित्रांनी सुरू केलेली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. हे सगळं एका नटामुळे झालं असं कोणी म्हणू नये. चाळीस वर्षं तळघरांत आणि शाळांच्या हॉलमध्ये खेळणाऱ्या पोरांनी ती कंपनी उभी केली. पण त्या पोरांना 'आम्ही हे खेळतो' असं चारचौघांत सांगायला लाज वाटत होती. कॅव्हिलने ती लाज घालवली. माझ्या मते नामवंत माणसाचा खरा उपयोग एवढाच असतो, आणि तो कमी नाही.

हे पहिल्यांदाच घडतंय असंही नाही. प्रशियाच्या रायस्विट्झ नावाच्या एका अधिकाऱ्याने १८१२ च्या सुमारास राजासमोर एक टेबल मांडलं. त्यावर प्लास्टरचे डोंगर-नद्यांचे ठोकळे होते, ते हवे तसे जुळवता यायचे. राजाला ते आवडलं. त्याच्या मुलाने, तो सैन्यात होता, १८२४ मध्ये तो खेळ नकाशावर आणला. फासे, पंच, वेळेचा हिशोब, हुकूम पोहोचायला लागणारा उशीर, सगळं त्यात घातलं. जनरल म्युफ्लिंग हे तेव्हाचे सरसेनाध्यक्षासारखे गृहस्थ. ते कंटाळत बघायला बसले आणि उठताना सगळ्या सैन्याला हा खेळ शिकवा म्हणून शिफारस करून गेले. त्या काळचे ते कॅव्हिलच. राजाने बघितला, जनरलने वाखाणला, मग प्रत्येक रेजिमेंटला तो हवासा झाला. खेळ बनवणाऱ्या पोराच्या वाट्याला मात्र सहकाऱ्यांचा मत्सर आला आणि राजधानीपासून लांब बदली. १८२७ मध्ये त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. मोठ्यांची मर्जी खेळाला तारते, खेळ करणाऱ्याला तारेलच असं नाही.

पुढे 'ट्रेझर आयलंड'वाला स्टीव्हन्सन दावोसच्या बर्फात आपल्या सावत्र मुलाबरोबर माळ्याच्या फरशीवर शिशाच्या शिपायांची युद्धं खेळला. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तकच छापलं, त्यात खेळण्यातल्या तोफेने खरोखर लाकडी गोळे मारून शिपाई पाडायचे. वर्षभरात खरं महायुद्ध सुरू झालं. पीटर कुशिंग, म्हणजे जुन्या 'स्टार वॉर्स'मधला तो हडकुळा, थंड डोळ्यांचा खलनायक, १९५६ च्या एका बातमीपटात जमिनीवर लोळून हाच खेळ खेळताना दिसतो. वेल्स काही युद्धखोर नव्हता. ज्याने खेळात एवढे घोळ घातले त्याला खऱ्या युद्धात किती घोळ होतात ते कळेल, असं त्याचं साधारण म्हणणं होतं. आम्हा लोकांना हे पटायला पुस्तक वाचावं लागत नाही.

आता कोलकात्याबद्दल. या शहरात बसून युद्धाच्या खेळाची तरफदारी करायची तर एका माणसाला उत्तर द्यावं लागतं, आणि तो माणूस म्हणजे सत्यजित राय. १९७७ चा त्यांचा 'शतरंज के खिलाडी'. लखनौचे दोन जहागीरदार पटावर वजीर-घोडे हलवत बसतात आणि तिकडे कंपनीची फौज अवध घशात घालते. प्रेमचंदांच्या मूळ कथेत ते दोघं डावावरून तलवारी उपसून एकमेकांना मारतात. रायांनी त्यांना जिवंत ठेवलं आणि शेवटी इंग्रजी पद्धतीच्या डावाला बसवलं, ते मला जास्त झोंबतं. आपल्याकडे जो कोणी टेबलावर लढाई खेळतो त्याच्या कपाळावर या चित्रपटाने एक शिक्का मारून ठेवलाय: खरी लढाई टाळणारा.

त्या अवधचा नवाब वाजिद अली शाह राज्य गेल्यावर १८५६ च्या मे महिन्यात इथे कोलकात्याला आला. १८५७ चा उठाव झाला तेव्हा इंग्रजांनी त्याला उचलून फोर्ट विल्यममध्ये कोंडलं, दोन वर्षांच्या वर. सुटल्यावर मटियाबुर्जला त्याने छोटं लखनौ वसवलं. इथल्या बिर्याणीतल्या बटाट्याचं श्रेयही लोक त्यालाच देतात, खरंखोटं तो बटाटा जाणे. फोर्ट विल्यमला आता विजय दुर्ग म्हणतात, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. सकाळी पळायला निघालो की कधीकधी तो नवाब डोक्यात येतो. त्याचं राज्य बुद्धिबळाने गेलं नाही. डलहौसीला अवध हवं होतं आणि ते घ्यायला त्याच्याकडे फौज होती, दोन जहागीरदारांनी पट मोडून तलवारी उचलल्या असत्या तरी निकाल तोच लागला असता. पण खेळणारे हरले की दोष खेळावर जातो. रायांचा चित्रपट मला प्रिय आहे, तरी त्यातला हा आरोप मी मान्य करत नाही.

मला धोका वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा: टेबलाशी मोठा माणूस बसला की फासे त्याच्या बाजूने पडायला लागतात.

१९४२ च्या मे महिन्यात जपानी नौदलाने मिडवेच्या मोहिमेचा सराव 'यामातो' या युद्धनौकेवर टेबलावर खेळून बघितला. अमेरिकी विमानांच्या हल्ल्याचे फासे पडले, नऊ बॉम्ब लागले, 'आकागी' आणि 'कागा' ही दोन विमानवाहू जहाजं बुडाली. तिथे अॅडमिरल उगाकी मुख्य पंच होते. त्यांनी नऊचे तीन केले. 'आकागी'ला फक्त नुकसान झालं असं ठरलं, आणि बुडालेली 'कागा' पुढच्या डावात पुन्हा तरंगायला लागली. महिन्याभराने खऱ्या समुद्रात ही दोन्ही जहाजं बुडाली, आणि त्यांच्याबरोबर 'सोर्यू' आणि 'हिर्यू' पण.

हसू नका. आपल्याकडचे उगाकी तुम्हीही बघितलेत. सँड मॉडेलवर साहेबांनी काठी ठेवली की ती जागा आपोआप आपली होते. 'काही शंका?' असं विचारल्यावर जी शांतता पसरते ती मी मेजर असतानाही ऐकली आणि आता ऐकवतोही.

एक प्रसंग सांगतो. जागा आणि साल सांगणार नाही. मी कंपनी कमांडर होतो. रात्रीच्या घेराबंदीचं ब्रीफिंग चाललं होतं, मॉडेल आमच्याच पोरांनी बनवलेलं. गावाच्या मागे एक नाला होता, तो मी 'बंद' धरला होता कारण नकाशावर पुढे कडा दिसत होता. एक नाईक, सातारा जिल्ह्यातला, मागच्या रांगेतून म्हणाला, "साहेब, नाल्यातनं गुरं वर जातात. शेण बघितलंय मी." मी म्हणालो, गुरं जातात म्हणून माणसं जातील असं नाही. आता लिहिताना हे वाक्य किती मूर्खपणाचं आहे ते कळतं. तेव्हा आजूबाजूचे दोघं-तिघं हसले, आणि मला बरं वाटलं. तिथे फासे असते, किंवा माझ्यासमोर शत्रूच्या बाजूने खेळायला कोणी एक पोरगा बसवला असता, तर त्याने पहिल्या चालीला त्या नाल्यातून माणसं काढली असती. पण आमच्या मॉडेलवर शत्रूच्या झेंड्याही मीच हलवत होतो. रात्री ते नाल्यातूनच निघाले. मी उशिरा तिकडे वळवलेल्या टोळीत तोच नाईक पुढे होता. गोळी मांडीतून गेली, हाड फोडून. तो वाचला. लंगडतो.

म्हणून भाच्याच्या खेळात मला आवडलं ते हे की समोरच्या बाजूला खरोखरचा दुसरा माणूस बसलेला असतो आणि त्याला तुम्हाला हरवायचंच असतं. तुमच्या खांद्यावर काय आहे ते फाशाला दिसत नाही. कॅव्हिलचं मला कौतुक वाटतं तेही त्याच्या प्रसिद्धीमुळे नाही. सुपरमॅनच्या भूमिकेसाठी फोन आला तेव्हा तो कॉम्प्युटरवर खेळत होता म्हणून फोन चुकला, असं त्याने स्वतः सांगितलंय. ज्याला खेळ इतका प्रिय आहे तो पंचाला पैसे चारणार नाही. पण उद्या दहा नटांना पैसे देऊन कंपन्या हातात ब्रश देतील, फोटो काढतील, आणि ते एकही डाव न हरता घरी जातील. त्यातून खोके विकले जातील, खेळणारे तयार होणार नाहीत.

बुद्धिबळाचं उदाहरण आपल्यासमोर आहे. १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. दुसरा याच शहरातला, दिब्येंदु बरुआ, १९९१ मध्ये. त्याने १९८२ साली लंडनला, सोळाव्या वर्षी, कोर्चनॉयला हरवलं होतं. तिसरा आपला मुंबईचा प्रवीण ठिपसे. आज ही संख्या ऐंशीच्या वर आहे. आनंद काही नुसता फोटोतला माणूस नव्हता. २०१३ ला चेन्नईत, स्वतःच्या गावात, सगळ्या देशासमोर तो कार्लसनकडून हरला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याशीच खेळायला बसला. लहान पोरांनी त्याचं जिंकणं बघितलं तसं हेही बघितलं. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२३ मध्ये इथे कोलकात्यातच टाटा स्टीलच्या स्पर्धेत महिलांचं रॅपिडचं विजेतेपद घेतलं आणि २०२५ ला बाटुमीत महिलांचा विश्वचषक. ती जन्मली तेव्हा आनंदला ग्रँडमास्टर होऊन सतरा वर्षं झाली होती.

आणखी एक गोष्ट होती: पट स्वस्त होता. दीड-दोनशे रुपयांत घरोघरी आला. वॉरहॅमरचा साधा खोका हजारांत जातो. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केलं आणि २०२३ मध्ये ७०. हे शिपाई खेळणी आहेत की कलावस्तू यावर भाच्याचा आणि कुरिअरवाल्याचा एकदा वादही झाला, अर्थात कुरिअरवाला जिंकला. म्हणजे सुपरमॅन कितीही गोड बोलला तरी इचलकरंजीच्या पोराच्या हातात हा खेळ यायचा नाही.

पण त्या पोराकडे दुसरं काही आहे. ताईला मी फोनवर विचारलं, आपण दिवाळीत अंगणात काय करत होतो गं? ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "तो किल्ला होता. ते वेगळं." वेगळं कसलं? दगड रचायचे, वर गोणपाट, त्यावर चिखल, हळीव पेरून गवत उगवायचं, आणि कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजावर लावायचे. वरती महाराज, खाली तोफा, आणि कोपऱ्यात एक प्लास्टिकची जीप, कारण ती कुठेतरी ठेवायलाच हवी. महाराष्ट्रात घराघरांतली पोरं शेकडो वर्षांपूर्वीच्या युद्धाची भूमी दरवर्षी हाताने बनवतात, आणि त्यांना कोणी बाहुल्या खेळतात म्हणत नाही. फक्त आपण किल्ला बनवून त्याकडे बघत बसतो. त्यावर लढत नाही. मावळे चार दिवस एकाच जागी उभे राहतात आणि तुळशीच्या लग्नानंतर टोपलीत जातात. भाच्याला कुमारटुलीला नेलं होतं, तिथे जगद्धात्रीच्या मूर्तींचं काम चालू होतं, एक कारागीर भुवई काढत होता. भाचा अर्धा तास हलला नाही. परत येताना म्हणाला, "मामा, आपल्या मावळ्यांची तोंडं सगळी एकाच साच्यातली का असतात?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

साताऱ्याचा तो नाईक, आता निवृत्त आहे, दर दिवाळीला मला त्याच्या पोरांनी केलेल्या किल्ल्याचा फोटो पाठवतो. यंदाही आला. मी भाच्याला दाखवला. ह्याने फोटो मोठा करून बघितला आणि रात्री बसून एका पानावर मराठीत नियम लिहिले. इंच नाहीत, वीत आणि बोटं. मावळा एका वेळी एक वीत चालतो, चढावर चार बोटं. तोफेला दोन फासे. गोळी लागली की मावळा पटावरून बाहेर. फासे सापशिडीच्या डब्यातले चालतील. पान व्हॉट्सॲपवर पाठवलं.

तिसऱ्या दिवशी नाईकाच्या मुलीचा व्हॉइस मेसेज आला. सहावीत आहे ती. तिच्या दोन तक्रारी होत्या. पहिली, मावळे चढावर हळू चालतात हे कोणी सांगितलं, ते तर चढावरच जोरात चालतात, गनीम हळू चालतो. भाच्याने हे लगेच मान्य केलं. दुसरी तक्रार जरा लांबलचक होती आणि मागे तिच्या वडिलांचं हसू ऐकू येत होतं. ते तीन डाव हरले होते. ती म्हणत होती, गोळी लागली की मावळ्याला बाहेर का काढायचं? मेला असेल तर ठीक. पण नुसता जखमी असेल तर?

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. त्याने पेन घेतलं आणि नियम बदलला: गोळी लागल्यावर पुन्हा एक फासा टाकायचा. तीनच्या वर पडला तर मावळा जिवंत, पटावरच राहतो, आणि अर्धी वीत चालतो.